बावीस हजार शिपाई आणि एकच घड्याळ

जून २०१९ मध्ये, १५ आणि १६ तारखेला, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, नेपोलियनचा शेवटचा पराभव ठरलेली वॉटर्लूची लढाई पुन्हा एकदा झाली. ती झाली टेबलांवर. सुमारे २२ हजार छोटे सैनिक होते, प्रत्येक बोटाच्या पेराएवढा, प्रत्येकाचा गणवेश हाताने रंगवलेला. त्यांना हलवायला शंभराहून अधिक खेळाडू जमले होते. ग्लासगो विद्यापीठ आणि ‘वॉटर्लू अनकव्हर्ड’ ही सेवाभावी संस्था यांनी मिळून हा डाव मांडला. इतिहासातल्या लढाईवर बेतलेला आजवरचा सर्वात मोठा टेबलावरचा डाव, अशी त्याची ओळख करून दिली गेली.

हा आकडा ऐकला की पहिला प्रश्न येतो, एवढे सैनिक रंगवले कोणी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुढे देतो. पण मला त्याहून कितीतरी अवघड वाटतो तो दुसराच प्रश्न. शंभर माणसांनी एकच लढाई एकाच वेळी कशी लढायची? सैनिक पैसे देऊन, उसने मागून, वर्षभर रंगवून गोळा करता येतात. वेळ तशी गोळा करता येत नाही. मोठे डाव फसतात ते बहुतेक इथेच.

आधी खेळ काय आहे ते पाहू. बुद्धिबळात दोन राजे, सोळा-सोळा मोहरी आणि चौसष्ट घरं. इथे घरं नसतात. टेबलावर टेकड्या, रस्ते, शेतं, घरं उभारलेली असतात आणि अंतर मोजपट्टीने मोजतात. पायदळाची तुकडी एका पाळीत अमुक सेंटिमीटर चालते, घोडदळ त्याच्या दुप्पट धावते, चिखलात दोघांचीही चाल कमी होते. बंदुकीच्या टप्प्यात शत्रू आला की फासे टाकायचे. फाशांवरून किती गोळ्या लागल्या ते ठरतं, आणि मग मार खाल्लेली तुकडी टिकते की पळते हे पाहायला पुन्हा फासे. चाल, गोळीबार, हातघाई आणि धीराची परीक्षा, एवढं झालं की एक पाळी संपली.

टेबल किती मोठं लागेल? सैनिक २८ मिलिमीटर उंचीचा. खरा माणूस साधारण १७० सेंटिमीटर धरला तर तो ६० पट लहान झाला. वॉटर्लूची आघाडी सुमारे ५ किलोमीटर होती. तीही ६० पट लहान करायची तर टेबल ८० मीटरच्या पुढे जाईल. म्हणून या खेळात दोन मापं एकाच वेळी चालवतात, माणसाचं एक आणि जमिनीचं दुसरं. दिवाळीत अंगणात किल्ला करताना आपण नेमकं हेच करतो. मावळा महादरवाज्यापेक्षा उंच असतो, सिंहासनावरचे महाराज अख्ख्या बुरुजाएवढे असतात, आणि पाहणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही.

हिशोब असा करतात. एक छोटा सैनिक म्हणजे १० खरी माणसं. ६०० जणांची ब्रिटिश पलटण म्हणजे ६० सैनिक. ब्रिटिश पायदळ दोन रांगांत उभं राहायचं, म्हणजे टेबलावर ३० जोड्या. प्रत्येक जोडीला २ सेंटिमीटर दिले तर पलटणीची रुंदी ६० सेंटिमीटर झाली. प्रत्यक्षात अशी पलटण साधारण १६५ मीटर जागा व्यापायची. म्हणजे जमीन २७५ पट लहान करायची. आता ५ किलोमीटरची आघाडी १८ मीटरमध्ये बसली आणि बंदुकीचा शंभर मीटरचा टप्पा ३६ सेंटिमीटरचा झाला. मोठं सभागृह मिळालं तर हे जमण्यासारखं आहे.

अडचण लांबीपेक्षा रुंदीची जास्त. फ्रेंचांच्या मागच्या प्लासनुआ गावापासून ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या पिछाडीपर्यंत सगळं घ्यायचं तर टेबल १४ मीटर रुंद लागेल आणि मधल्या सैनिकाला हात पुरणार नाही. माणसाचा हात वाकून पुरतो तो पाऊण-एक मीटर. दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहिली तरी टेबल पावणेदोन-दोन मीटरपेक्षा रुंद ठेवता येत नाही. त्यामुळे मोठं रणांगण लांब पट्ट्यांमध्ये कापतात आणि पट्ट्यांमध्ये चालायला वाट ठेवतात. सैनिक एका टेबलाच्या कडेला पोचला की पलीकडच्या टेबलावर उचलून ठेवायचा. मधली वाट हिशोबात नाहीच असं समजायचं. लढाईचा नकाशा कुठे कापायचा हे ठरवण्यातच आयोजकाचं कसब दिसतं. जिथे हातघाई होणार हे ठाऊक आहे, तिथून कधी कापू नये.

आता रंगकाम. एका सैनिकाला एक तास धरू. आधी अस्तराचा रंग, मग कोट, विजार, पट्टे, चेहरा, बंदूक, शेवटी वॉर्निश आणि पायाखालची माती-गवत. २२ हजार तास झाले. एकटा माणूस रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता बसला तरी साडेसात वर्षं लागतील. म्हणून हे काम स्वयंसेवकांत वाटलं जातं. ते वाटण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर पक्क्या लागतात: बैठकीची चकती किती मिलिमीटरची, तिच्यावर किती सैनिक, गवताचा रंग कोणता, पलटणीचं नाव चकतीखाली कुठे लिहायचं. हे ठरलं नाही तर वेगवेगळ्या घरांत रंगवलेल्या दोन पलटणी शेजारी उभ्याच राहत नाहीत. एकीची जागा दुसरीच्या दीडपट होते आणि मग मापाचा सगळा हिशोब कोसळतो. शिवाय नेपोलियनच्या काळात प्रत्येक रेजिमेंटची कॉलर, बाह्यांची टोकं, टोपीवरचा तुरा वेगळा. रंगवणारा त्यात जीव ओततो. मला या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो. दोन हातांवरून पाहिलं तर दिसणारही नाही अशा कोटाच्या बटणासाठी ते रात्र जागवतात.

आता घड्याळाकडे वळू.

वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी, दुपारच्या थोडं आधी सुरू झाली आणि अंधार पडू लागला तेव्हा संपली. साधारण नऊ तास धरा. एका पाळीत अर्धा तास दाखवायचा तर १८ पाळ्या होतात. दोन दिवसांत जेवण, चहा, मांडामांड वगळून खेळायला १२ तास मिळाले तर प्रत्येक पाळीला ४० मिनिटं येतात. एवढ्यात सगळ्यांची चाल, सगळ्यांचा गोळीबार, सगळ्यांचे फासे व्हायला हवेत.

२२ हजार सैनिक शंभर खेळाडूंत वाटले की प्रत्येकाकडे २२० येतात, म्हणजे तीन-चार पलटणी. त्यांचं सगळं करायला सवयीच्या खेळाडूला १५ मिनिटं लागतात असं मानू. सगळ्यांनी एकाच वेळी केलं तर १५ मिनिटांत पाळी संपेल. पण बुद्धिबळासारखं एकाचं झाल्यावर दुसऱ्याने करायचं म्हटलं तर एका पाळीला १,५०० मिनिटं, म्हणजे २५ तास लागतील. अठरा पाळ्यांना एकोणीस दिवस. मोठ्या डावाची सगळी अडचण या एका गुणाकारात आहे, आणि सैनिक वाढवले की ती वाढतच जाते.

म्हणून सगळे एकदम खेळतात. त्यातून पुढचा गुंता सुरू होतो. उगूमोंच्या वाड्याभोवती फ्रेंच आणि ब्रिटिश एकमेकांत गुंतलेत. भिंतीच्या आत-बाहेर फासे पडताहेत, प्रत्येक खोलीवरून वाद. तिथे अजून पाचवीच पाळी चालू आहे. ब्रिटिशांच्या डाव्या टोकाला पापलोत वाडीजवळ फारसं काही घडत नाही, तिथले खेळाडू भराभर आठव्या पाळीत पोचले. आता त्यांची घोडदळाची तुकडी मोकळी आहे आणि ती उगूमोंच्या मदतीला जायचं म्हणते. आठव्या पाळीतली, म्हणजे दुपारी साडेतीनची तुकडी पाचव्या पाळीत, दोन वाजता पोचणार! मदत दीड तास मागच्या काळात धावून जाते आहे. असं एकदा होऊ दिलं की लढाईचा काळ फाटतो आणि तो नंतर शिवता येत नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे आणि साधा आहे. सभागृहात एकच मोठं घड्याळ, एकच घंटा. घंटा झाली की पाळी सुरू, घंटा झाली की पाळी बंद. ज्याची चाल राहिली त्याची राहिली. त्याचे सैनिक जागेवर थांबले असं समजायचं. ऐकायला कठोर वाटतं, पण खऱ्या रणांगणावर घुटमळणाऱ्या सेनापतीचं हेच होतं. ज्यांचं लवकर झालं त्यांनी थांबायचं, पुढे जायचं नाही. आणि जिथे गर्दी जास्त, तिथे पंच जास्त. माझ्या मते असा डाव योजताना खेळाडूंच्या आधी पंच शोधावेत. दहा खेळाडूंमागे एक, आणि उगूमों किंवा ला ए सांतच्या शेतघरासारख्या जागी एक स्वतंत्र. पंचाने नियमांचं पुस्तक उघडून पान शोधत बसायचं नाही. अर्ध्या मिनिटात निकाल, चुकला तरी चालेल. उशिरा आलेला अचूक निकाल शंभर जणांना थांबवतो.

पंच आणि घड्याळ ही जोडी या खेळाच्या जन्मापासूनची. १८२४ मध्ये प्रशियाच्या (आजच्या जर्मनीतलं तेव्हाचं राज्य) सैन्यातल्या गेओर्ग फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या खेळात सुधारणा करून ‘क्रीगश्पील’ नावाचा खेळ सरसेनानींपुढे मांडला. नकाशावर धातूच्या सोंगट्या, फासे, मध्ये पंच, आणि प्रत्येक पाळी म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटं. दोन्ही बाजू आपले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे द्यायच्या. पाहणारे सेनानी होते फॉन म्युफ्लिंग. सुरुवातीला त्यांना फारसं कौतुक नव्हतं, पण बघता बघता ते गुंतले आणि हा खेळ नसून युद्धाचं शिक्षण आहे असं म्हणाले, असं सांगतात. हेच म्युफ्लिंग नऊ वर्षांपूर्वी वॉटर्लूवर वेलिंग्टनच्या शेजारी उभे होते. प्रशियन आणि ब्रिटिश सैन्यांमधला दुवा सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे होतं. निरोप उशिरा पोचला की काय होतं हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

निरोपाचा हा मुद्दा मोठ्या डावात फार महत्त्वाचा. टेबलाभोवती उभ्या खेळाडूला सगळं रणांगण वरून दिसतं. नेपोलियनला ते दिसत नव्हतं. वेलिंग्टनने मों-सें-जां गावापुढच्या टेकाडाची निवड केली ती आपलं बरंचसं पायदळ त्याच्या पाठीमागच्या उतारावर लपवता यावं म्हणून. टेबलावर ते सगळे लाल कोट मांडले की लपवणार काय? त्यामुळे चांगला आयोजक टेकाडामागच्या तुकड्या सुरुवातीला मांडतच नाही. त्या पंचाच्या नकाशावर असतात आणि शत्रू टेकाडाच्या माथ्यावर आला की टेबलावर उतरतात. दोन्ही सेनापतींना टेबलापासून दूर, जमलं तर वेगळ्या खोलीत बसवतात. त्यांनी चिठ्ठी लिहायची, हरकाऱ्याने ती नेऊन द्यायची, आणि मधल्या वेळात परिस्थिती बदलली असेल तर ज्याच्या हाती चिठ्ठी पडली त्याने आपल्या अकलेने वागायचं.

याहून कठीण आहे ते आपलं इतिहासाचं ज्ञान. प्रत्येक खेळाडूला ठाऊक असतं की उगूमोंच्या वाड्यावर फ्रेंचांनी दिवसभर माणसं ओतली आणि तो पडला नाही. कुठला फ्रेंच खेळाडू पुन्हा तिकडे जाईल? नेपोलियनचा सेनापती मार्शल ने याने दुपारी हजारो घोडेस्वार पायदळाच्या चौकोनांवर घातले, ते चौकोन फुटले नाहीत. आज तो हुकूम कोण देईल? आणि सेनापती ब्लूशरचे प्रशियन ब्रिटिशांच्या मदतीला संध्याकाळपर्यंत फ्रेंचांच्या उजवीकडून येणार हेही सगळ्यांना पाठ. आयोजकाला इथे थोडी अनिश्चितता पेरावी लागते. प्रशियन येणार हे नक्की, पण कोणत्या पाळीत ते फासे ठरवतील. ३३ हजार माणसं घेऊन प्रशियनांच्या मागावर वावर गावाकडे गेलेला फ्रेंच सेनापती ग्रूशी परत वळेल का, याची शक्यता अगदी कमी ठेवायची, पण शून्य ठेवायची नाही. ती शून्य नाही एवढ्याने नेपोलियन झालेल्या खेळाडूचं मन दिवसभर पूर्वेकडे लागून राहतं.

फाशांबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की सगळं नशिबावर सोडलंय. लहान लढाईत थोडं तसं होतं. २० फासे टाकले आणि निम्मे लागतील अशी अपेक्षा असली तर कधी सात लागतात, कधी तेरा. पलटण त्यावर वाचते किंवा मरते. पण ४०० फाशांत १४० किंवा २६० लागणं जवळपास अशक्यच, आकडा दोनशेच्या आसपासच राहतो. मोठ्या डावात एकेका कोपऱ्यातलं नशीब एकमेकांना खोडून काढतं आणि शेवटी उरते ती योजना. बावीस हजार सैनिक मांडण्याचं हे एक खरं कारण मला पटतं.

वॉटर्लू छोट्या सैनिकांत उभी करण्याचा वेडा प्रयत्न ग्लासगोच्या आधी एकशे ऐंशीहून अधिक वर्षं एका माणसाने केला होता. विल्यम सायबोर्न हा ब्रिटिश लेफ्टनंट. १८३० मध्ये सैन्याकडून त्याला काम मिळालं. तो रणांगणावरच्या शेतघरात महिनोन्‌महिने राहिला, जमिनीचा प्रत्येक चढउतार मोजला, आणि लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं की संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कुठे होती, समोर कोण होतं, शेतात कोणतं पीक होतं. शेकडो उत्तरं आली. मध्येच सरकारी पैसा थांबला, तरी त्याने कर्ज काढून काम पुरं केलं. १८३८ मध्ये लंडनमध्ये सत्तर हजारांवर बारीक धातूचे सैनिक असलेली ती प्रतिकृती लोकांपुढे आली. आज ती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

ती खेळायची नव्हती, एका क्षणाला गोठवलेली होती. तरी तिचं भांडण झालं ते वेळेवरूनच. त्या क्षणी प्रशियन कुठपर्यंत पोचले होते? सायबोर्नने त्यांना पत्रांच्या आधारे पुढे दाखवलं होतं. तसं दाखवलं तर विजयाचं श्रेय वाटलं जातं. वेलिंग्टनच्या गोटाला ते रुचलं नाही. शेवटी प्रशियन सैनिकांची मोठी संख्या प्रतिकृतीवरून काढावी लागली. १८१५ मध्ये सगळ्यांची घड्याळं एका वेळेला लावलेली नव्हती. पहिली तोफ किती वाजता कडाडली यावरही प्रत्यक्ष तिथे असलेल्यांचं एकमत झालं नाही. आजचा आयोजक पाळ्यांचा तक्ता करायला बसतो तेव्हा त्याला याच पत्रांतून वाट काढावी लागते. जमिनीचंही तसंच. १८२० च्या दशकात सिंहाचं स्मारक उभारण्यासाठी टेकाडाची माती खणून मोठा उंचवटा केला गेला. म्हणून आज तिथे जाऊन मापं घेतली तर वेलिंग्टनचं टेकाड सापडत नाही, सायबोर्नचीच मापं कामी येतात.

विक्रमाच्या मोजणीबद्दल थोडक्यात. आधी व्याख्या ठरवावी लागते: नुसते मांडलेले सैनिक मोजायचे की खेळात खरोखर हललेले? घोडा आणि स्वार एक की दोन? तोफेभोवतीचे गोलंदाज? मोजणी सैनिक ठेवलेल्या ताटांनुसार, प्रत्येक ताटावर क्रमांक, छायाचित्र, आणि आयोजकांशी संबंध नसलेले साक्षीदार. हे सगळं खेळ सुरू होण्याआधी. पहिली तुकडी पळाली की सैनिक टेबलावरून उचलले जातात आणि मग कुणालाच नक्की आकडा सांगता येत नाही.

उचललेल्या त्या सैनिकांकडे पाहताना एक गोष्ट मनातून जात नाही. ‘वॉटर्लू अनकव्हर्ड’ २०१५ पासून खऱ्या रणांगणावर उत्खनन करते. ती सुरू केली कोल्डस्ट्रीम गार्ड्सच्या अधिकाऱ्यांनी, ज्या रेजिमेंटने उगूमोंचा वाडा राखला होता. खणणाऱ्यांत आजच्या युद्धांतून शरीराने किंवा मनाने जखमी होऊन परतलेले सैनिकही असतात. पुरातत्त्वाची बाजू ग्लासगो विद्यापीठाचे प्राध्यापक टोनी पोलार्ड सांभाळतात. टेबलावरचा डाव संपल्यानंतर महिन्याभरात, जुलै २०१९ मध्ये, मों-सें-जांच्या शेतघराजवळ, जिथे वेलिंग्टनचं जखमींसाठीचं इस्पितळ होतं, त्यांना कापलेल्या पायांची हाडं सापडली. जूनमध्ये सभागृहात तिथे फक्त एक छोटं शेतघर होतं, पुठ्ठ्याएवढं हलकं.

मराठी वाचकासाठी या सगळ्यात एक अगदी जवळचा धागा आहे. वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, जो २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात असईच्या रानात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांशी लढला. उतारवयात, सर्वात चांगली लढाई कोणती लढलात असं विचारल्यावर त्याने वॉटर्लूचं नव्हे, असईचं नाव घेतल्याचं सांगतात. असईचा डाव आपल्याकडे मांडायला हवा असं मला फार वाटतं. त्याला बावीस हजार सैनिक नकोत. एका शिपायामागे वीस माणसं धरली आणि दूर राहिलेलं घोडदळ थोडक्यात दाखवलं तर दोन-अडीच हजारांत भागेल. एक शाळेचं सभागृह आणि दहा-बारा खेळाडू पुरेत.

टेबलावर केळणा आणि जुई या दोन नद्या, त्यांच्या बेचक्यात असई गाव. वाटाड्यांनी केळणेला उतार नाही असं सांगितलं होतं. वेलस्लीने समोरासमोरच्या काठांवर दोन गावं पाहिली आणि ओळखलं की या दोन गावांच्या माणसांना एकमेकांकडे जायला पाण्यातून वाट असणारच. ती वाट पंचाच्या नकाशावर असावी, टेबलावर दिसू नये. पलीकडे शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन. वेलस्लीला वाटलं होतं की नदी ओलांडून बगलेवर आलो की या पलटणींना तोंड फिरवायला सवड मिळणार नाही. पोलमनने अख्खी फळी काटकोनात वळवून त्याच्यासमोर तोफा उभ्या केल्या. त्या लढाईत इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली.

म्हणजे हा डाव रचताना पहिला निर्णय एकच: पोलमन झालेल्या खेळाडूला फळी वळवायला किती पाळ्या द्यायच्या. एक दिली तर वेलस्ली पाण्यातच सापडतो. तीन दिल्या तर शिंद्यांची बगल उघडी पडते. मी दोन देईन, आणि वळण सुरू करायचा हुकूम तोंडी चालणार नाही, चिठ्ठीवर लिहून हरकाऱ्याच्या हाती द्यावा लागेल.